त्या नळीचं काय होणार

कोल्हापूर

प्रिय सुन्या,

कसा आहेस भावा, काकूंचा गुडघा बरा आहे का आता? घरचं बाकी फोनवर बोलू, आज फक्त मंगळाचं लिहितोय कारण ते डोक्यातनं जाईनाच झालंय.

नासाचा पर्सिव्हरन्स रोव्हर २०२१ च्या फेब्रुवारीत मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरला ते तुला माहितीच आहे, तिथं कधीकाळी तळं होतं आणि नदी येऊन मिळायची. तर त्या नदीच्या कोरड्या पात्रात जुलै २०२४ मध्ये त्याला एक तांबूस खडक घावला, चेयावा फॉल्स नाव दिलंय, अंगावर बिबट्यासारखे ठिपके, कडा काळसर आणि मध्ये फिकट. मग सप्टेंबर २०२५ ला नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर आला की त्या ठिपक्यांत बहुतेक व्हिविअनाइट आणि ग्रेगाइट आहे, म्हणजे लोहाचं फॉस्फेट आणि लोहाचं सल्फाइड, शिवाय खडकात सेंद्रिय कार्बनपण.

आता रंकाळ्याच्या काठचा काळा गाळ आठव, उन्हाळ्यात कुजक्या अंड्यागत वास मारतो बघ. असल्या गाळात जिवाणू कुजलेलं खाताना गंजातलं लोह आणि सल्फेट वापरतात, आणि त्यातनं हीच खनिजं तयार होऊ शकतात. जिवाणू नसतील तर सल्फेटचं सल्फाइड व्हायला चांगली उष्णता लागते, आणि हा खडक तसा तापल्याच्या खुणा दिसत नाहीत! हे वाचून मी रात्री बराच वेळ जागाच होतो.

तरी कुणी 'जीव सापडला' म्हणत नाहीये आणि मला ते लई पटतं. अंटार्क्टिकात मिळालेल्या, मंगळावरनं आलेल्या दगडावरनं १९९६ ला असाच केवढा गाजावाजा झाला, खुद्द अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन बोलले, आणि पुढं बहुतेक शास्त्रज्ञांना ते काही पटलं नाही.

पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या खडकाचा खडूएवढा तुकडा नळीत बंद करून ठेवलाय, रोव्हरवरच्या यंत्रांना जमेल तेवढं त्यांनी सांगून झालंय, पुढचं समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू मोजायचं काम इथल्या लॅबमध्येच होणार, आणि नमुने आणायच्या मोहिमेचा अंदाज ११ अब्ज डॉलरवर गेला म्हणून सगळं अडकून पडलंय. एवढं हाताशी आलेलं तिथंच ठेवायचं?

तू केमिस्ट्री शिकवतोस म्हणून विचारतो, कमी तापमानाला जिवाणूंशिवाय असं सल्फाइड व्हायची दुसरी कुठली वाट तुला सुचते का? सुचली तर सविस्तर लिही, मला पटणार नाही असं असलं तरी लिही.

तुझा,
अव्या