दादा घरी येतोय, त्याआधी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

येत्या शुक्रवारी दादाला मुक्तांगणमधून, म्हणजे पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रातून, घरी सोडतील. मीच त्याला घेऊन येते. पुण्याहून गाडीने जेऊरला उतरू आणि तिथून एसटी किंवा जीप, जे मिळेल त्याने करमाळ्याला. फोनवर आई रडायला लागते आणि बाबा "बरं, बरं" म्हणून फोन ठेवून देतात, म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवतेय. दोघांनी जवळ बसून वाचा. आईचा चष्मा सापडला नाही तर बाबांनी मोठ्याने वाचावं.

माझं मुख्य मागणं एकच आहे. दादा आला की त्याच्या आजारावर पांघरूण घालायचं नाही. बाहेरच्यांपुढे नाही, नातेवाइकांपुढे नाही आणि आपल्या तिघांतही नाही.

बाबा, दारू हा आजार आहे हे तुम्हाला अजून पटत नाही, मला माहीत आहे. मनावर घेतलं तर माणूस एका दिवसात सोडतो, असं तुम्ही म्हणता. पण काकांनी त्याला वरच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं, ते दिवस आठवा. आधी हात थरथरायला लागले. चहाचा कप ओठापर्यंत नेता येईना, म्हणून आईने बशीतून पाजला. अंगावरचा सदरा घामाने भिजलेला. दुसऱ्या रात्री तो गोधडीवरून मुंग्या वेचायला लागला. एकेक चिमटीत धरायचा आणि जमिनीवर टाकायचा. गोधडीवर एकही मुंगी नव्हती. आईने लिंबू-मिरची उतरवून टाकली. मग कुणीतरी खिडकीतून क्वार्टर दिली, थरथर थांबली आणि सगळे म्हणाले, बघा, नाटकं होती.

ती नाटकंही नव्हती आणि बाहेरची बाधाही नव्हती. इथल्या डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं. दारू मेंदूला गुंगवते. ती वर्षानुवर्षं रोज पोटात गेली की मेंदू त्या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःला जास्त चेतवून ठेवायला शिकतो. अशात दारू एकदम बंद केली तर गुंगी जाते आणि चेतवणी तेवढी उरते. मग सहा-आठ तासांत कापरं भरतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास होतात, माणूस आपण कुठे आहोत हे विसरतो, ताप चढतो. उपचार मिळाले नाहीत तर यात माणसं दगावतात. म्हणून रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळ्या आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन सोडवतात. काकांनी चांगल्या मनाने केलं, पण कोंडणं हा उपाय नाही. गावात दुसऱ्या कुणाच्या घरी असं चाललेलं कळलं तर बाबा, तुम्ही जाऊन सांगा. तुमचं ऐकतील.

कापरं थांबलं म्हणजे आजार गेला, असंही नाही. शरीराचा हा त्रास आठ-दहा दिवसांत ओसरतो. डोक्यातली ओढ मात्र महिनोन्महिने राहते. तो ठरावीक रस्ता, ती ठरावीक वेळ, पगाराचा दिवस, एवढंही पुरतं. त्यासाठीच ३५ दिवस त्याला तिथे ठेवलं. योगासनं, गटात बोलणं, समुपदेशन, स्वतःचं ताट स्वतः धुणं असा तिथला दिवस असतो. बाबा, तुम्ही आयुष्यभर वर्गात पुलं वाचून दाखवलेत. त्याच पुलं आणि सुनीताबाईंच्या देणगीचा हातभार लागून डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण उभं केलं. आपला मुलगा अशा जागी आहे, याची लाज कसली?

तुम्हाला आकड्यांत सांगितलेलं पटतं, म्हणून तेही सांगते. केंद्र सरकारने एम्सकडून केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात दारू पिणारे अंदाजे १६ कोटी आहेत आणि त्यातल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना दारूसाठी मदतीची गरज आहे. व्यसन जडलेल्या ३८ माणसांमागे एकाला उपचार मिळतात. आपल्या दादाला ते मिळाले. मास्तरांचा मुलगा म्हणून ज्याला गाव ओळखतं, त्याच्यासाठी हे झालं, तर दुसऱ्या घरांनाही धीर येईल.

आता पांघरुणाचं बोलते. पतसंस्थेत दांडी झाली की बाबांनी फोन करून सांगायचं, त्याला ताप आहे. परमिट रूमची उधारी महिनाअखेरीला गुपचूप पेन्शनमधून चुकवायची. रात्री तो ओट्यावर पडला की आईने शेजारचे उठायच्या आत त्याला आत ओढायचं. हे सगळं तुम्ही मायेपोटी केलंत आणि आपल्या गावात अब्रू कशी जपावी लागते, हे मीही जाणते. पण त्यामुळे दारूचे चटके तुम्हाला बसत राहिले आणि त्याला कधी बसलेच नाहीत. आता उधारी झाली तर त्याने फेडायची. कामावर काय झालं ते त्याने सांगायचं. कुणी विचारलं, "कुठे होता इतके दिवस?" तर आईने "पुण्याला कामाला" म्हणू नये. "दारू सोडायला गेला होता, सोडून आलाय" एवढं म्हणावं आणि पुढचं बोलावं. अहो, गावाला सगळं माहीतच आहे. लपवतो ते फक्त आपण. आणि माहीत असलेला मित्र दादाला "एकच घे" म्हणताना निदान एकदा विचार करेल.

आई, हे खास तुझ्यासाठी. मावशीने आणलेली ती पुडी, "त्याला न कळू देता चहातून दे" म्हणून दिलेली, अजून फडताळात असेल तर फेकून दे. अशा पुड्यांत काय असतं कुणालाच सांगता येत नाही. दारू सोडायच्या एका गोळीवर कुणी दारू प्यायलं की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब एकदम खाली येतो. ती गोळी डॉक्टर रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. न सांगता दिली तर जिवावर बेतू शकतं. तसंच झोपेच्या गोळीचं. त्याला काही आठवडे नीट झोप लागणार नाही. पण ओळखीच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळी आणू नकोस. एक व्यसन सुटताना दुसरं असंच लागतं. मालेगावकडे पोरं ज्याला "कुत्ता गोळी" म्हणतात, ती असल्याच औषधाची असते.

देवीच्या माळावर नारळ फोडायचा नवस केला असशील तर जरूर फोड. त्याला स्वतःहून माळ घालावीशी वाटली तर घालू दे. पण देवीची शपथ घालून वचन घेऊ नकोस. शपथ मोडली की माणूस त्या अपराधापायीच पुन्हा पितो. केंद्रात ते "फक्त आजचा दिवस" म्हणतात. त्यालाही तेवढंच विचार.

भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चार वेळा त्याला जपायच्या आहेत. म्हणून जेवण वेळेवर. गोड मागेल, देत जा. चिडला तर त्याच क्षणी वाद घालू नका. आणि जुनं उगाळू नका. बाबा, तुमच्या स्वभावाला हे जड जाईल.

वहिनीचं अवघड आहे. छकुलीला घेऊन ती बार्शीला माहेरी गेली, ते योग्यच झालं असं मला वाटतं. आता तो सुधारला, ये परत, असा फोन तुम्ही करू नका. तिने खूप सोसलंय. दर पंधरा दिवसांनी दादा छकुलीला भेटून येईल, बाकी तिला जेव्हा विश्वास वाटेल तेव्हा.

आणि घसरला तर? तेही बोलून ठेवायला हवं. पहिल्या वर्षात पुष्कळजण एकदा तरी घसरतात. तसं झालं तर सगळं संपलं असं समजू नका, मारहाण नको, घराबाहेर काढणं नको, पैसेही नकोत. मला फोन करा, केंद्राला कळवा. मी मिळाले नाही तर १४४४६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथेही नेता येईल. फॉलोअपला त्याने पुण्याला यायचं, तेव्हा माझ्याकडेच उतरेल. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, हा दारू सोडू पाहणाऱ्यांचाच गट; त्याच्या मीटिंगा तो मोबाइलवरून करेल. त्या तासाभरात त्याला हाक मारू नका. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंगा असतात, त्याही फोनवर होतात. दादाचं व्यसन आपण लावलं नाही, ते आपल्या ताब्यात नाही आणि ते बरं करणंही आपल्या हातात नाही, हे तिथे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला किती हलकं वाटलं, सांगता येत नाही. आई, तुला एकदा तिथे बसवायचंच आहे.

शेवटचं, पुढच्या रविवारच्या लग्नाचं. काकांकडची हळद आणि वरात म्हणजे मांडवामागे काय चालतं ते आपण सगळे जाणतो. दादा हळदीला आणि वरातीला येणार नाही. अक्षता टाकेल, जेवेल आणि माझ्याबरोबर घरी येईल. त्याचं त्यानेच तसं ठरवलंय. काकांना हे आधी सांगावं लागेल, नाहीतर ते मनाला लावून घेतील. बाबा, तो फोन तुम्हीच करा, आणि खरं कारण सांगून करा.

तुमची,
लेक