'अटॅच'मध्ये '-ई' हवंच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या संगणकावर 'सिमएच' इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या पीडीपी-११ संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, युनिक्स ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम कशी चालवायची, हा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचून आनंद झाला. १९७५ सालची ती सहावी आवृत्ती २००२पासून सर्वांना मोफत खुली आहे, हेही लेखकाने आवर्जून सांगितलं. पण डिस्कची फाइल इम्युलेटरला जोडणाऱ्या 'अटॅच' आज्ञेत '-ई' (इंग्रजी e) लिहायचं राहून गेलं आणि त्यापायी आमच्या पार्ल्याच्या घरात चार मुलांच्या दोन दुपारी वाया गेल्या.

नातवाने लेखात होतं तसंच डिस्क अटॅच करून 'बूट आरके०' (पहिल्या डिस्क ड्राइव्हवरून सुरू कर) टाइप केलं. उत्तर आलं, 'हॉल्ट इन्स्ट्रक्शन, पीसी: ०००००२'. मुलांनी इम्युलेटर पुन्हा उतरवला, लॅपटॉप बदलला, तेच उत्तर. 'आजोबा, हे बिघडलेलंच आहे,' म्हणून ती उठायला लागली, तेव्हा मी चष्मा लावून बसलो. अटॅचच्या खाली एक ओळ होती, ती कोणी वाचलीच नव्हती: 'क्रिएटिंग न्यू फाइल'.

युनिक्सची फाइल होती डाउनलोड्समध्ये, सिमएच चालू केला होता दुसऱ्याच फोल्डरमधून. फाइल सापडली नाही की सिमएच अडत नाही, त्याच नावाची कोरी फाइल बनवून जोडतो. कोऱ्या डिस्कवरून वाचायचं ते सगळं शून्य, आणि पीडीपी-११ला शून्य म्हणजेच हॉल्ट, 'थांब'. यंत्र पहिल्याच शब्दाला थांबलं. तो शब्द दोन बाइटचा, म्हणून पीसी, म्हणजे पुढच्या सूचनेचा पत्ता (प्रोग्रॅम काउंटर), २.

मी फोर्टमधल्या एका कंपनीत याच यंत्रावर पाळ्या केल्या आहेत. चपला बाहेर काढून एसी खोलीत जायचं, आरके०५ ड्राइव्हमध्ये चौदा इंची तबकडीचं कार्ट्रिज समोरून सरकवायचं, स्विच 'रन'कडे दाबायचा आणि 'आरडीवाय' (रेडी, तयार) दिवा लागेपर्यंत थांबायचं. कार्ट्रिज नसेल तर दिवा लागत नसे. कार्ट्रिज नाही हे ड्राइव्ह स्वतःच सांगायचा. अटॅच करताना तो दिवा नसतो, त्याचं काम '-ई' करतं. 'अटॅच -ई आरके०' आणि पुढे फाइलचं नाव लिहिलं, तर फाइल नसल्यास सिमएच सरळ चूक दाखवून थांबतो.

मात्र आधी ती चुकून बनलेली कोरी फाइल पुसायला हवी. नाहीतर '-ई'ला फाइल सापडते आणि पुन्हा हॉल्ट. ओळखायची खूण सोपी: तिचा आकार शून्य बाइट असतो. पूर्ण आरके०५ म्हणजे २०३ सिलिंडर, २ बाजू, १२ सेक्टर आणि सेक्टरला ५१२ बाइट, सुमारे २५ लाख बाइट. डाउनलोड झालेली फाइल झिप किंवा जीझेड अशी आकसलेली असेल तर ती उलगडूनच जोडावी. मूळ फाइलची प्रत काढून त्या प्रतीवर खेळावं, कारण युनिक्स डिस्कवर लिहितं.

कोरी फाइल पुसली, योग्य फोल्डरमधून सुरुवात केली, आणि पडद्यावर एकुलतं एक '@' आलं. पुढे 'युनिक्स' टाइप करताच 'लॉगिन' आलं. चौघं खुर्चीमागे उभी राहून ओरडली.

मे महिन्याची सुट्टी अजून पंधरा दिवस आहे. लेख वाचून इतर मुलंही बसली असतील. येत्या रविवारी पुरवणीत '-ई'ची ही दुरुस्ती छापावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त संगणक ऑपरेटर, विलेपार्ले, मुंबई