पोटरीचा गरम पट्टा आणि स्मृतिभ्रंश

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आठवण सुधारण्यासाठी अंगावर बांधायच्या गरम पट्ट्यांबद्दल आपल्या पुरवणीत वाचलं, म्हणून हे पत्र.

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. मधुमेह जुना, स्मृतिभ्रंशाचं निदान होऊन तीन वर्षं झाली. गेल्या डिसेंबरात नात्यातल्या एकाने मायेपोटी पोटरीला बांधायचा, चार्जिंगवर चालणारा पट्टा आणून दिला. दुसऱ्याच संध्याकाळी तो सोडला, तर पोटरीवर रुपयाएवढे दोन फोड. "आई, भाजतंय म्हणून सांगितलं का नाही?" तर म्हणाल्या, "कुठे भाजतंय गं?" मधुमेहाने पाय बधिर झालेले. जखम भरायला सात आठवडे लागले.

उष्णतेच्या बाजूने नेहमी फिनलंडच्या अभ्यासाचा दाखला देतात. मी मुलाकडून तो समजून घेतला. पूर्व फिनलंडमधल्या ४२ ते ६० वयाच्या २,३१५ पुरुषांची सुमारे २० वर्षं नोंद ठेवली. आठवड्यातून चार ते सात वेळा सौनात (तापवलेल्या खोलीत) बसणाऱ्यांत डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा धोका, एकदाच बसणाऱ्यांपेक्षा ६६ टक्क्यांनी कमी दिसला. आकडा मोठाच आहे. पण ती माणसं सुरुवातीला धडधाकट होती, शिवाय ज्याची तब्येत बरी तोच वरचेवर सौनात बसणार. आणि सौना म्हणजे सगळं अंग घामाघूम करणारी खोली, पोटरीपुरता पट्टा नव्हे. गेलेली आठवण उष्णतेने परत येते, असं तर त्या अभ्यासात कुठेच नाही. उष्णतेने पेशींतली बिघडलेली प्रथिनं सावरणारी यंत्रणा जागी होते, हे खरं. त्यावर प्रयोग जरूर व्हावेत, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, टाळता येण्यासारख्या १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत मधुमेह आहे, रक्तदाब आहे, कमी ऐकू येणंही आहे. सासूबाईंना दहा वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. वयच झालं, म्हणून आम्ही कुणी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं नाही. हे मला त्या फोडांपेक्षा जास्त लागतं.

माझी विनंती एवढीच. अशा उपकरणाबद्दल छापाल तेव्हा मधुमेही, बधिर पायाच्या आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नये, हे त्याच मजकुरात ठळक अक्षरांत छापावं. आमच्या खोक्यावर ते होतं, पण तळाशी, बारीक इंग्रजीत. फोड आल्यावर आम्ही ते वाचलं.

आपली,
एक वाचक, नागपूर