अश्रूंची टेस्ट एवढ्यात येत नाही

संपादक महोदय,

‘अश्रूंच्या थेंबावरून डोळ्यांच्या आजाराचं निदान’ ही बातमी वाचली. अश्रूंमधल्या एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स तपासून आजार ओळखायचा, ही त्यामागची कल्पना. विषय पेपरात आला हे चांगलंच झालं, पण वाचणाऱ्याला वाटेल की टेस्ट उद्यापासूनच सुरू होतेय. मी लॅबमध्ये काम करतो म्हणून जरा आतली बाजू सांगतो.

पेशी आपल्या आसपासच्या द्रवात बारीक पिशव्या सोडत असतात, त्याच या एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स. त्यातले एक्सोसोम साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतही नाहीत. आधी लोकांना वाटायचं पेशी नुसता कचरा बाहेर टाकतेय, मग २००७ मध्ये त्यात आरएनए (पेशीतल्या जीन्सचा संदेश वाहणारा रेणू) सापडला आणि सगळे त्यामागे लागले. कारण आतला माल ज्या पेशीतून आला तिचाच, म्हणजे पेशी आजारी असेल तर त्या मालात तशी खूण दिसायला हवी.

आता खरी गोची. डोळ्यात एका वेळी अश्रू असतात सात ते दहा मायक्रोलिटर, ड्रॉपरच्या एका थेंबापेक्षाही कमी. ते टिपायला खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात, ती टोचली की डोळा भरून येतो आणि सॅम्पल पातळ होतं. मग त्यातून व्हेसिकल्स वेगळ्या करायच्या तर बहुतेकदा अल्ट्रासेंट्रिफ्यूज, म्हणजे सॅम्पल प्रचंड वेगाने फिरवणारं यंत्र, लागतो, तासन् तास जातात, वर अश्रूंमधली इतर प्रोटीन्सही सोबत चिकटून येतात. प्रत्येक लॅबची पद्धत वेगळी, मग एकाचा रिझल्ट दुसऱ्याशी जुळणार कसा?

डोळ्याच्या पुढच्या भागातला, बुबुळाच्या पारदर्शक पडद्यामागचा द्रव, म्हणजे अॅक्विअस, आजाराच्या जास्त जवळचा पण त्याला सुई लागते. त्यामुळे तो बहुतेकदा ऑपरेशनच्या वेळीच घेतात, आणि गंमत बघा, अशा अभ्यासात काचबिंदूच्या पेशंटशी तुलना करायला ‘नॉर्मल’ म्हणून जे असतात तेही बरेचदा मोतीबिंदूचेच पेशंट!

मला खरी आशा वाटते ती लहान मुलांच्या रेटिनोब्लास्टोमात, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरमध्ये. तिथे गाठीचा तुकडा काढता येत नाही, कॅन्सर डोळ्याबाहेर पसरायची भीती असते, म्हणून अॅक्विअसमधून माहिती मिळाली तर ती सोन्यासारखी.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा सॅम्पल कुठल्या द्रवाचं, पेशंट किती आणि तुलना कुणाशी केली एवढं तरी द्या. आणि काचबिंदूवाल्यांनी या टेस्टची वाट बघत डोळ्याचं प्रेशर आणि फील्ड टेस्ट (नजरेचा परीघ तपासणारी) लांबवू नये, हे बातमीखाली एका ओळीत टाकलंत तर बरं होईल.

आपला,
एक लॅबवाला वाचक