क्रूझ कंट्रोल वेग धरत नाही, त्याविषयी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. क्रूझ कंट्रोलचे, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग राखणाऱ्या यंत्रणेचे, बटण दाबल्यावर डॅशबोर्डवर तिचा दिवा लागतो, पण वेग पक्का करायला गेले की ते धरतच नाही, आणि गॅरेजवाल्याने सरळ तिचे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलच बदलायला सांगितले आहे, हे वाचून लगेच लिहायला बसलो. घाई करू नकोस. गेल्या वर्षी याच दुखण्यापायी मी दोन रविवार घालवले आहेत.

क्रूझ कंट्रोल ही मुळात संशयी यंत्रणा आहे. ब्रेक किंवा क्लच दाबला, वेग ठरावीक मर्यादेच्या, म्हणजे बऱ्याच गाड्यांत ताशी 40 किलोमीटरच्या आसपास, खाली गेला, किंवा एखाद्या सेन्सरचे म्हणणे पटले नाही, की ती निमूटपणे अंग काढून घेते. तेव्हा काय मोडले हे शोधण्याआधी तिला ‘नको’ कोण म्हणत आहे ते शोधावे.

बहुतेक वेळा तो ब्रेक पेडलच्या वरचा छोटासा स्विच निघतो. अनेक गाड्यांत त्याचे दोन भाग असतात. एक मागचे दिवे लावतो आणि दुसरा ब्रेक दाबल्याची वर्दी संगणकाला देतो. त्यामुळे मागचे दिवे नीट लागतात एवढ्यावरून स्विच निर्दोष ठरत नाही. माझ्या गाडीचे तर दिवेच विझत नव्हते. संध्याकाळी भिंतीकडे पाठ करून गाडी उभी केली, पेडलवरून पाय काढला, तरी आरशात भिंत लालच. टॉर्च घेऊन वाकलो, तर पायाखालच्या मॅटवर पिवळट, ठिसूळ तुकडे पडलेले होते. पेडलवरच्या ज्या छोट्या प्लास्टिकच्या बुचावर स्विचची दांडी टेकते, त्याचा भुगा झाला होता. दांडी रिकाम्या भोकातून आरपार जात होती आणि ब्रेक अखंड दाबलेला आहे, अशी संगणकाची समजूत झाली होती. नखाएवढे नवे बूच बसवले आणि क्रूझ सुरू झाले.

क्रूझ अधूनमधून सुटत असेल, तर कधी सुटते ते अंगाने टिपावे. (हे यंत्र शोधणारा राल्फ टीटर लहानपणापासून अंध होता, 1950 मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि 1958 मध्ये ते क्रायस्लरच्या गाड्यांत आले. वेगातली चढउतार त्याने अंगानेच ओळखली असणार!) खड्ड्यावर सुटले तर सैल स्विच किंवा जोडणी, स्टिअरिंग वळवताना सुटले तर आतली क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगवरची बटणे, हॉर्न आणि एअरबॅग यांना गाडीच्या वायरिंगशी जोडणारी गुंडाळलेली पट्टी), असा माझा पहिला संशय राहील. हॉर्नही बंद असेल किंवा एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर क्लॉक स्प्रिंगवरचा संशय पक्का समज. मात्र एअरबॅगमुळे ते काम घरी करू नये. एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागला असेल तर चाकाचा वेग मोजणारे सेन्सर पाहावेत.

गॅरेजमध्ये गाडीचा संगणक वाचणारा स्कॅनर लावतील तेव्हा नुसत्या बिघाडाच्या कोडवर समाधान मानू नकोस. लाइव्ह डेटा, म्हणजे त्या क्षणीच्या नोंदी, उघडायला सांग आणि ब्रेक व क्लचची नोंद पेडल दाबताच आणि सोडताच बदलते का, हे स्वतः पाहा. काही गाड्यांत क्रूझ शेवटचे का सुटले, हेही नोंदलेले असते.

आज अंधार पडल्यावर भिंतीची परीक्षा करून मला कळव. दिवे विझत नसतील तर क्रूझची गोष्ट दूर ठेव आणि आधी स्विच पाहा, कारण तुझा ब्रेक कधी लागला हे मागच्याला कळणारच नाही.

तुझा मित्र