वेठीला नक्की कोण आहे?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कुठं संप झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात हेडिंग ठरलेलं असतं, 'नागरिक वेठीस'. सफाईवाले बसले तरी वेठीस, एसटीवाले बसले तरी वेठीस, अंगणवाडीच्या ताई मोर्चा घेऊन गेल्या तरी वेठीसच.

अहो वेठ म्हणजे नुसता त्रास नाही, वेठ म्हणजे जबरदस्तीनं करून घेतलेलं फुकटचं काम. मूळ संस्कृत विष्टि, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे, आणि वाकाटक राजांच्या ताम्रपटांत तर दान दिलेल्या गावाला विष्टी माफ असं कोरलंय, म्हणजे बाकीच्या गावांना ती होती हे आलंच. बेगार हा फारशी, त्याचाही अर्थ बिनमजुरीचं काम, आणि आपण दोन्ही जोडून वेठबिगार केला. आताचा बिगारी गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलतो आणि संध्याकाळी मजुरी मोजून घेतो, तरी नाव काही सुटलेलं नाही बिचाऱ्याचं.

तर वेठीला धरायचं कोण? अंमलदार, पाटील, देशमुख. आणि धरला जायचा तो गावातला सगळ्यात खालचा माणूस, साहेबाचं सामान पुढच्या गावापर्यंत डोक्यावरून ने, निरोप पोचव, लाकडं फोड. महार वतनात, म्हणजे वंशपरंपरेनं गळ्यात पडलेल्या गावकामात, हे पिढ्यानपिढ्या चाललं, रात्री-अपरात्री हाक आली की जायचं आणि बदल्यात थोडी वतनाची जमीन आणि बलुतं. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कौन्सिलात वतन कायदा बदलायचं बिल आणलं ते याच्याविरुद्धच. ही वतनं कायद्यानं गेली ती 1958 च्या कायद्यानं, आणि त्या कायद्याच्या नावातसुद्धा 'कनिष्ठ गाव वतने' असंच आहे, घ्या! घटनेच्या कलम 23 नं बेगारीवर बंदी घातली, तिथं इंग्रजीतही बेगार हाच शब्द तसाच ठेवलाय.

कुणी म्हणेल शब्दांचे अर्थ बदलतात, त्यात काय एवढं. मान्य, पण इथं नुसता बदलला नाही, पार उलटा फिरलाय. पगार थकलेला कंत्राटी सफाई कामगार म्हणतो की पैसे नाहीत तर काम नाही, म्हणजे तो वेठ नाकारतोय, आणि आपण छापतो की यानंच गावाला वेठीला धरलं. कचरा साठला, वास सुटला, लोकांचे हाल झाले हे सगळं खरंय, मी नाही म्हणत नाही. आमच्याही गल्लीत कोपऱ्यावर ढीग लागतो तेव्हा नाक दाबूनच जावं लागतं.

मग 'नागरिकांचे हाल' असंच लिहा की. आणि त्याच बातमीत कामगारांचा पगार किती महिने थकलाय आणि कुणी थकवलाय तेही पहिल्या चार ओळींत येऊ द्या, ते शेवटच्या परिच्छेदात जातं आणि तिथवर कोण वाचत नाही.

आपला,
एक नेहमीचा वाचक, सातारा