विंगेतून

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं तेव्हा आम्ही कुठे होतो ते आता नक्की सांगता येणार नाही. चार मुक्काम मागे असू. पण त्या हॉलचा मालधक्का डोळ्यांसमोर आहे. ट्रक सरळ मागे लागेना, म्हणून सगळ्या पेट्या उतारावरून हातांनी आवरत आत न्याव्या लागल्या. इथे असंच होतं, शहरं विसरतात आणि उतार लक्षात राहतात.

पत्रात तू विचारलंस, "बँडच्या गिटारी सांभाळत फिरतोस, पण तू स्टेजवर उभा कधी राहणार?" सतरा गोष्टी विचारायच्या सोडून नेमकी हीच. उत्तर देतो, पण जरा वळसा घेऊन. दमानं वाच.

झोपेपासून सुरुवात करतो, कारण तीच सगळ्यात कमी मिळते. बसमध्ये एकावर एक तीन असे बंक, म्हणजे झोपायचे फळकुटासारखे बर्थ आहेत. कपाटाच्या खणात आडवं पडल्यासारखं वाटतं. उठून बसायला गेलास की डोकं आपटलंच. पहिल्या रात्री दोन नियम शिकवले. पाय ड्रायव्हरच्या दिशेला ठेवायचे, म्हणजे करकचून ब्रेक लागला तर पाय आपटतील, डोकं वाचेल. आणि बसच्या संडासात फक्त लघवी. बाकी कशासाठी बस थांबवावी लागते, आणि पहाटे तीनला ती थांबवणाऱ्याचा पुढचा आठवडाभर उद्धार होतो.

बंकवरून आमच्यात कोणी पैज लावत नाही. मेटॅलिका या बँडची बस २७ सप्टेंबर १९८६ला स्वीडनमध्ये उलटली आणि त्यांचा बेसिस्ट क्लिफ बर्टन गेला. आदल्या रात्री बंकसाठी पत्ते ओढले होते आणि हवा तो बंक त्याला मिळाला होता, असं त्याच्याच सोबत्यांनी पुढे सांगितलं. आमचा ड्रमर एरवी कशावरही पैज लावतो, पण बंकचा विषय निघाला की गप्प होतो.

सकाळी हॉलवर पोचलं की आधी लाइटवाले वर चढतात, मग साउंडवाले, आणि ड्रम, अँप (अँप्लिफायर), गिटारी घेऊन आम्ही सगळ्यात शेवटी. आम्हाला बॅकलाइन म्हणतात. माझ्याकडे सात गिटारी आहेत. ट्रकमध्ये रात्रभर गारठलेली गिटार गरम हॉलमध्ये आणली की आधी केस बंदच ठेवायची. घाई करून उघडलीस तर जुन्या गिटारीवरच्या लॅकरच्या लेपाला बारीक तडे जातात. मग तारा. मुख्य गिटारींच्या तारा रोज नव्या लागतात, आणि नवी तार ताणून ताणून माणसाळवावी लागते, नाहीतर दुसऱ्याच गाण्यात उतरते. हे सगळं करताना हॉल रिकामा असतो, कोणीतरी वर हातोडी ठोकत असतो. दिवसातला हा तास मला सगळ्यात आवडतो.

एक काम मात्र मी कोणाला करू देत नाही. गायक माइकपाशी जाण्याआधी मी मल्टिमीटरची एक पिन गिटारच्या तारेला लावतो, दुसरी माइकच्या जाळीला. काटा शून्यावर हवा. आमचा गायक हसतो, म्हणतो, "झाली का तुझी पूजा?" हसू दे. ३ मे १९७२ला वेल्समधल्या स्वॉन्झीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी स्टेजवरच गेला. हातात गिटार होती, माइकला हात लागला, आणि अर्थिंग धड नव्हतं.

आता थोडं माझ्या वेडाबद्दल. तुला कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळ, पण मला लिहिल्याशिवाय राहवणार नाही. बीटल्सनी ऑगस्ट १९६६मध्ये दौरे बंद केले. त्या काळी वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे तोंड केलेले वेगळे स्पीकर, म्हणजे मॉनिटर, नसायचे, आणि समोरच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. आज प्रत्येकाच्या कानात इन-इअर, म्हणजे छोटा इअरफोन असतो, हवं तेवढंच ऐकता येतं. मधल्या काळात ग्रेटफुल डेड या बँडनं १९७४मध्ये जो घाट घातला, तसा पुन्हा कोणी घालणार नाही. बँडच्या पाठीमागे स्पीकरची भिंतच उभी केली, सुमारे ६०० स्पीकर, ७५ टनांच्या आसपास वजन. लोकांना जे ऐकू जाईल तेच वाजवणाऱ्यालाही. पण भिंत पाठीशी म्हटल्यावर तिचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी घालणार. त्यावर तोड म्हणून प्रत्येक गायकापुढे दोन माइक, एकमेकांच्या उलट जोडलेले. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच शिरायचा आणि आपोआप कटायचा. गाणारा फक्त वरच्या माइकमध्ये गायचा, तेवढंच उरायचं. काय डोकं आहे बघ! उभारायला इतका वेळ लागायचा की स्टेजचे दोन संच ठेवले होते, एकावर कार्यक्रम चालू असताना दुसरा पुढच्या गावी उभा राहायचा. वर्ष संपायच्या आत ते सगळं गुंडाळलं. खर्चच तसा होता. मला ती भिंत एकदा ऐकायची होती, पण खरं सांगू, उचलायची अजिबात नव्हती.

हे का सांगतोय? भिंतीमागचं डोकं आउझली स्टॅन्ली या त्यांच्या साउंडवाल्याचं होतं. बँडमध्ये तो काहीच वाजवत नसे.

तर मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यात आमचा दुसरा गिटारिस्ट तापानं पडला. मॅनेजर माझ्याकडे आला. "तीन गाणी तू वाजव, तुला सगळी येतात." येतातच, रोज कार्यक्रमाआधी प्रत्येक वाद्याचा आवाज तपासतात, त्या लाइन चेकला मीच वाजवतो. मी काळा शर्ट बदलायलाही गेलो नाही, तसाच उभा राहिलो. ज्याच्यासाठी आपण दोघांनी बोटांची सालटं काढली, ते सगळं समोर होतं. दिवे, अंधारात हलणारी डोकी, पोटात घुसणारा बेस. एकही सूर चुकला नाही. आणि तिन्ही गाणी माझं लक्ष डाव्या अँपमधल्या घरघरीकडे होतं. कुठली केबल असेल, आधी ती काढावी की दुसरीशी अदलाबदल करावी, बस एवढंच डोक्यात. लोक ओरडले तेव्हा मी पायाशी बघत होतो.

विंगेत परत आलो, दोन गाण्यांच्या मध्ये वाकून ती केबल शोधली, बदलली. घरघर थांबली. त्या क्षणी जे वाटलं ते आधीच्या पंधरा मिनिटांत एकदाही वाटलं नव्हतं.

म्हणजे उत्तर 'नाही' असं आहे. तुला वाईट वाटेल हे माहीत आहे, म्हणून तर इतके दिवस लिहिलं नाही. तू नोकरी धरलीस तेव्हा मी तुला पळपुटा म्हणालो होतो, तेही आठवतंय. तो शब्द मागे घेतो.

बाकी तक्रारी आहेतच. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. पाठ दुखते, कुणाच्याच लग्नाला जाता येत नाही, आणि बस सुटायच्या आधी धुतलेले कपडे वाळत नाहीत. एका हॉलच्या व्यवस्थापकानं तर आवराआवर चालू असतानाच दिवे घालवले, आम्ही कपाळावर टॉर्च बांधून ट्रक भरला. ती शिवीगाळ भेटीत ऐकवीन.

अजून एक. तुझी जुनी गिटार अजून माझ्याच पेटीत आहे, सातवीच्या खाली. तारा बदलत राहतो. परवा मुख्य गिटारिस्टनं सहज उचलली, दोन सूर छेडले आणि शेवटून दुसऱ्या गाण्यासाठी मागून घेतली. तेव्हापासून रोज रात्री ती स्टेजवर जाते. आवाज जुनाच आहे, जरा नाकात बोलणारा. फक्त 'जी'ची तार पाचव्या फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबली की झणझणते, कारण सहावा फ्रेट किंचित वर आलाय. कानस मारून बसवता येईल, पण गिटार तुझी, तेव्हा विचारल्याशिवाय हात लावत नाही. घासू का, तेवढं कळव. बस सुटतेय.

तुझाच,
विंगेतला